बेल्ट जळतो, दोषी भलताच!

गाडीचा बेल्ट काढून एकेक पुली आपल्या बोटांनी फिरवून पाहण्यात एवढा आनंद असतो, हे मला आजवर कुणीच कसं सांगितलं नाही? भेटेल त्याला मी सध्या हेच सांगत सुटले आहे. आता तुमची पाळी!

झालं असं की, वाईहून पसरणी घाट चढताना जळक्या रबराचा वास यायला लागला. घाटात असा वास आला की आपल्याकडे सगळे एका सुरात म्हणतात, ‘क्लच जळतोय.’ अर्ध्या क्लचवर गाडी रेटत चढवली की खरंच तसं होतं, आणि सपाटीवर थोडं गेलं की तो करपट वास विरतो. पण पाचगणी आली तरी हा वास हटेना. मग गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं आणि जवळच्या गॅरेजातल्या मिस्त्रींना बोलावलं.

त्यांनी बॉनेटला हात लावण्याआधी प्रश्नच सुरू केले. “ताई, एखाद्या चाकापाशी जास्त येतो का?” म्हणजे ब्रेक चिकटलाय का, तसं असेल तर ते एकच चाक इतरांपेक्षा खूप तापतं, जवळ तळहात नेला तरी धग लागते. “गाडी उभी केल्यावर वाढतो का? धूर?” टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं की तेल तापलेल्या एक्झॉस्टवर ठिबकतं, त्याचा हा माग. “वायर जळाल्यागत उग्र आहे का?” तसं असेल तर क्षणभरही थांबायचं नाही, इंजिन बंद करून सगळ्यांनी खाली उतरायचं. आणि मग माझा सगळ्यात आवडता प्रश्न: “एसी बंद केल्यावर जातो का?”

हा प्रश्न किती हुशार आहे बघा! बहुतेक गाड्यांत एसीच्या कॉम्प्रेसरला चुंबकी क्लच असतो. एसी बंद असताना त्याची पुली नुसतीच फिरते. बटण दाबलं की टक् आवाज होतो आणि कॉम्प्रेसर तिच्याशी जोडला जातो. म्हणून वास फक्त एसी लावल्यावर येत असेल, तर संशय सरळ कॉम्प्रेसरवर. माझ्या गाडीत एसी बंद असतानाही वास होताच. एका बटणाने एक मोठं खर्चिक प्रकरण बाजूला झालं!

इंजिन गार झाल्यावर बॉनेट उघडलं. बेल्टच्या आजूबाजूला काळी भुकटी उडालेली, बोटाला लागणारी. मी म्हटलं, “बेल्ट गेला.” मिस्त्री म्हणाले, “बेल्ट बिचारा मार खातोय. कोण फिरत नाही ते बघू.”

या एका वाक्याने माझे डोळेच उघडले! इंजिन आरामात, मिनिटाला 800 फेऱ्यांवर चालू असलं, तरी क्रँकची पुली सेकंदाला तेरा वेळा फिरते. तीच या बेल्टला ओढते, आणि बेल्ट अल्टरनेटर, वॉटर पंप, कॉम्प्रेसर या सगळ्यांना फिरवतो. यातली एक जरी पुली अडली, तरी बेल्ट थांबत नाही. तो तिच्यावरून घासत राहतो, तापतो, झिजतो आणि वास सोडतो. 1917 साली अमेरिकेत डेन्व्हरला जॉन गेट्स यांनी खाचेत घट्ट बसणारा व्ही-बेल्ट बनवला. आजच्या रुंद बेल्टच्या आतल्या बाजूला तशाच बारीक व्ही-धारांची रांग असते. ती पकड आहे म्हणूनच सगळं फिरतं, आणि ती घसरली की वासाने कळतं.

मिस्त्रींनी बेल्ट कुठून कसा जातो त्याचा मोबाईलवर फोटो काढायला लावला, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर सैल केला, बेल्ट उतरवला आणि म्हणाले, “आता तुम्हीच फिरवा.” अल्टरनेटर: गुळगुळीत, आवाज नाही. वॉटर पंप: तसाच. मग मधली छोटी आयडलर पुली, बेल्टला नुसती वाट दाखवणारी. ती आधी हलेचना, जोर लावल्यावर खरखर करत अर्धा फेरा फिरली. बेअरिंगमधलं ग्रीस संपून वाळू अडकल्यासारखं बोटांना जाणवलं. सापडली! अशी पुली कधी उलटही वागते म्हणे: ग्रीस वाळलं की टिचकी मारताच घर्रर्र आवाज करत फिरतच राहते. चांगली पुली बिनआवाज फिरते आणि लवकर थांबते.

आयडलर नवा बसवला. बेल्टच्या धारा घासून चकचकीत झाल्या होत्या, म्हणून तोही बदलला. नुसता बेल्ट बदलला असता तर त्याच अडलेल्या पुलीने नवाही खाल्ला असता! आणखी एक लक्षात ठेवा: आताचे ईपीडीएम रबराचे बेल्ट जुन्यांसारखे सहसा तडकत नाहीत, धारा गुपचूप झिजतात. भेगा नाहीत म्हणजे बेल्ट चांगला, असं धरून चालू नका.

हे स्वतः करणार असाल तर इंजिन पूर्ण गार, किल्ली खिशात, ओढणी आणि केस बांधलेले. रेडिएटरचा पंखा काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही सुरू होतो. आणि गॅरेजमध्ये जाणार असाल तर ‘बेल्ट बदला’ म्हणू नका. म्हणा, ‘बेल्ट काढा, आणि सगळ्या पुल्या माझ्यासमोर हाताने फिरवून दाखवा.’