हिंदुकुशच्या पोटातला हादरा

५ जानेवारी २०२३. संध्याकाळी आठच्या सुमारास दिल्लीत घराघरांतले पंखे झोके घेऊ लागले. थोड्याच वेळात बातमी आली : भूकंपाची तीव्रता ५.९, खोली सुमारे २०० किलोमीटर, केंद्र फैजाबादच्या दक्षिणेला.

फैजाबाद म्हटले की आपल्याला अयोध्येजवळचे शहर आठवते. हे फैजाबाद मात्र दिल्लीपासून हजार किलोमीटरहून दूर, अफगाणिस्तानच्या ईशान्य कोपऱ्यात आहे. बदख्शान प्रांताची ही राजधानी. उत्तर भारताला जाणवणाऱ्या कितीतरी भूकंपांच्या बातम्यांत हेच नाव येते. पण तो मुलूख कसा आहे, हे आपल्याला फारसे ठाऊक नसते.

बदख्शान म्हणजे उंच, उघडेबोडके डोंगर आणि त्यांच्या मधल्या अरुंद हिरव्या खोऱ्या. फैजाबादमधून कोकचा नदी खळाळत जाते आणि पुढे अमुदर्याला मिळते. काठाने जर्दाळू आणि तुतीची झाडे, उतारावर गव्हाची शेते. वाळवलेल्या तुती ही इथली हिवाळ्याची बेगमी. बर्फ पडले की वरच्या गावांचे रस्ते बंद होतात.

कोकचाच्या उगमाकडे, सर-ए-संग येथे लाजवर्द या गर्द निळ्या दगडाच्या खाणी आहेत. हजारो वर्षांपासून तो इथून जगभर जातो आहे. मोहेंजोदडो-हडप्पाच्या मण्यांत तो सापडला, इजिप्तच्या तुतनखामेनच्या मुखवट्यात जडवलेला दिसला. आपल्या अजिंठ्याच्या चित्रांतला निळा रंगही याच दगडाचा. म्हणजे बदख्शानशी महाराष्ट्राचे नाते दीड हजार वर्षांचे!

या सुंदर मुलुखाखाली जमीन मात्र स्वस्थ नाही. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत आशियाला रेटतो आहे. या रेट्यात खडकांचा एक प्रचंड थर हिंदुकुशखाली जवळजवळ उभा खाली गेला आहे. स्वतःच्याच वजनाने तो ताणला जातो आणि कुठेतरी तुटतो. तेच हे भूकंप. ७० ते ३०० किलोमीटर खोलीवरच्या अशा भूकंपांना शास्त्रज्ञ ‘मध्यम खोलीचे’ म्हणतात. जगात ते सर्वाधिक जिथे होतात, त्या मोजक्या जागांपैकी ही एक.

खोलीमुळे दोन गोष्टी घडतात. धक्का फार दूरवर, काबूल, पेशावर, श्रीनगर, दिल्लीपर्यंत पोहोचतो. पण वर येता येता त्याचा जोर पुष्कळ ओसरतो. ४ फेब्रुवारी १९९८ रोजी बदख्शानला लागूनच असलेल्या तखार प्रांतात रुस्ताकजवळ भूकंप झाला. त्याचीही तीव्रता ५.९ च होती. पण तो भूपृष्ठाजवळ झाला आणि त्यात दोन हजारांहून अधिक माणसे दगावली. आकडा एकच, एकीकडे पंखे हलले, दुसरीकडे गावेच्या गावे गेली!

आपल्याला हे वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप असाच उथळ होता. तिथे माणसे मेली ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदांखाली. बदख्शानमधली बहुतेक घरेही अशीच : मातीच्या भिंती, लाकडी तुळया, त्यावर मातीचे सपाट छप्पर. थंडीत ऊब देणारे हे छप्परच संकटात जिवावर उठते.

आणि खोली प्रत्येक वेळी तारतेच असे नाही. २६ ऑक्टोबर २०१५ चा ७.५ तीव्रतेचा भूकंप दोनशे किलोमीटरहून खोल होता. तरीही पाकिस्तान व अफगाणिस्तानात शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. तखारची राजधानी तालोकान येथे तर शाळेतून जीव घेऊन पळताना चेंगराचेंगरी झाली आणि १२ मुली गेल्या. त्यांना मारले ते भूकंपाने नव्हे, घाबरून केलेल्या धावपळीने.

म्हणून पुढच्या वेळी पंखा हलू लागला, तर जिन्याकडे झेप घेऊ नका. भक्कम इमारतीत असाल तर टेबलाखाली बसा, डोके झाका, हादरा थांबू द्या आणि मग शांतपणे बाहेर पडा. मुलांना हे आधीच, खेळता खेळता शिकवून ठेवा. बातमीत तीव्रतेबरोबर खोलीचा आकडाही वाचा. आणि फैजाबादचे नाव आले, तर कोकचाकाठच्या त्या मातीच्या घरांची क्षणभर आठवण करा. आपल्याकडे पंखा हलतो, तेव्हा तिथल्या एखाद्या आईने लेकरांना उचलून बर्फात धाव घेतलेली असते.