स्मृति आणि अनुभव

ज्ञानाचे दोन प्रकार, स्मृति आणि अनुभव, हा तर्कसंग्रहांतील पाठ आम्हीं पस्तीस वर्षें मुलांकडून घोकून घेतला. त्याचा अर्थ मात्र आम्हांस साठी उलटल्यावर, आणि तोही स्वतःच्या घरांत कळला.

आमच्या सहधर्मचारिणीचें माहेर मोवाडचें. ३० जुलै १९९१ रोजीं वर्धा नदीचा लोंढा त्या गांवांत शिरला आणि २०४ माणसें गेलीं. ती त्या वेळीं माहेरीं होती. ती वांचली, तिची आई गेली. सदरला परत आल्यावर वडील मंडळींनीं सांगितलें, झालें तें विसरावें. आम्हीं स्तोत्रपाठ सुचविला. हेतु चांगलाच होता. पण पावसाळी रात्रीं ती उठून उंबरठ्यापाशीं बसे, आणि आम्ही झोपेचें सोंग घेत असूं. हें सोंग आम्हीं बत्तीस वर्षें केलें.

२३ सप्टेंबर २०२३ रोजीं नागपुरांत अतिवृष्टि होऊन अंबाझरी तलाव ओसंडला व नाग नदी वस्त्यांत शिरली. आमच्या घरांत पाणी आलें नाहीं. तरी ती देवांचा डबा छातीशीं धरून जिन्यावर बसली आणि कोणासही खालीं उतरूं देईना. सूनबाई म्हणाली, "मामंजी, सासूबाई मोवाड आठवीत नाहींत, त्या अजून मोवाडांतच आहेत."

मनाचा उपचार म्हटला कीं आमच्या पिढीस आठवे तें येथून जवळचें, १८६४ सालचें मनोरुग्णालय. त्याचें नांव घेऊन मुलांस भिवविण्यांत येई. आम्ही कचरलों. सूनबाईनें ऐकलें नाहीं. एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे सात दिवस, रोज दोन बैठकी, असा उपचार ठरला. अशा सात दिवसांच्या सघन उपचाराचा गुण तीन महिने दर आठवड्यास दिलेल्या उपचाराच्या तोडीचा येतो, असें इंग्लंडांतील २०१४ सालच्या एका प्रयोगांत आढळलें आहे.

रीत अशी कीं, तो दिवस डोळे मिटून, वर्तमानकाळीं, क्रमानें सांगावयाचा. जेथें जीव घाबरा होई तेथें थांबवून बाई विचारीत, "आज तुम्हांस काय ठाऊक आहे, जें तेव्हां नव्हतें?" तीन दिवस ती एकाच ठिकाणीं येऊन थांबे: "माझ्या हातून आईचा हात सुटला." चवथ्या दिवशीं ती पुढें गेली. सायंकाळीं घरीं येऊन आम्हांस म्हणाली, "हात आईनेंच सोडविला. माझ्या कडेवर बाळ होतें ना!"

तें बाळ म्हणजे आमचा मुलगा. बत्तीस वर्षांत हें आम्हांस कळलें नव्हतें, कारण आम्हीं विचारलेंच नव्हतें.

पाऊस आला कीं ती अजूनही जागी होते, पण खिडकी लावून पुन्हां निजते. आणि नातवंडांस पणजीच्या गोष्टी सांगते. जो अनुभव रोज नव्यानें घडत होता, तो आतां स्मृति झाला आहे.

हें काम जाणत्याचें आहे. घरच्यांनीं खोदून विचारूं नये, आणि हा उपचार सर्वांनाच मानवतो असेंही नाहीं. कोठें जावें हें न कळल्यास सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य विचारतां येतें. घरच्यांनीं मात्र एवढें करावें: कोणी सांगूं लागल्यास "विसर" असें म्हणूं नये. जवळ बसून ऐकावें. आम्हीं तें केलें नाहीं, म्हणून हें लिहिलें.