डोंगराखालचं पार्किंग

फिनिक्सला आल्यापासून डोंगरांपेक्षा त्यांच्या पायथ्याची पार्किंगंच मला जास्त आठवतात. कॅमलबॅकचं तर सकाळी लवकरच भरतं. कुणी बुटांच्या नाड्या आवळतंय, कुणी बाटल्या मोजतंय. उन्हाळ्यात अतिउष्णतेचा इशारा असला की भर दुपारी ही वाट चक्क बंद ठेवतात.

फेब्रुवारीत बाबा इंदूरहून आले होते. ‘इथे बोलायला माणूसच नाही रे,’ हे तीन आठवडे रोज ऐकत होतो. गुडघ्यांमुळे ते खालीच थांबले. अडीच तासांनी उतरलो, तर बाबा एका मेक्सिकन आजोबांना लवंगी शेव खिलवतायत! त्यांचा नातूही वर गेलेला. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती.

“चला बाबा.”

“थांब रे, यांचा नातू येऊ दे.”