बाहेर ठेवलेला कॅल्क्युलेटर

“हे प्रोग्रामेबल आहे, चालत नाही. बाहेर ठेव.”

2009 ची हिवाळी परीक्षा. इंजिनीअरिंगचा गणिताचा पेपर हातात पडून दोन मिनिटं झाली होती, आणि सुपरवायझर सरांनी माझा टीआय-84 प्लस उचलून दाराजवळच्या दप्तरांवर ठेवला. अमेरिकेतल्या आतेभावानं तो आणला होता. बाबांनी मात्र फुकट घेतला नाही. दारव्ह्याला कापूस विकून आलेले पैसे त्याच्या हातात मोजून दिले आणि मला म्हणाले, “लेका, चांगलं मशीन व्हय, जपून वापरजो.”

वर्गात सगळ्यांकडे कॅसिओचा एफएक्स-991 एमएस होता, हजाराच्या आतबाहेरचा. माझ्याकडे आलेख काढणारा. वर्षभर तो सगळ्या सरांच्या डोळ्यांसमोर बाकावर असायचा, पण परीक्षेत चालणार नाही, असं एकानंही सांगितलं नाही. शेजाऱ्याचा मागितला, तर देवाणघेवाण बंद. मग क्ष घन वजा दोन क्ष वजा पाच बरोबर शून्य या समीकरणाचं मूळ न्यूटन-रॅफसननं हातानंच काढायला बसलो. दोनपासून सुरुवात केली, 2.1 आलं. 2.1 चा घन 9.261. मग 0.061 भागिले 11.23. हा भागाकार मी तीनदा केला, कारण हात थरथरत होता. तो 2.1 मधून वजा केला, उत्तर आलं 2.0946. तेवढं बरोबर आलं, पुढचे दोन प्रश्न कोरे राहिले.

नियम चुकीचा होता, असं मी कितीतरी वर्षं म्हणत आलो. आता यवतमाळला मुलांना हेच गणित शिकवतो, तेव्हा मीही पहिली दोन आवर्तनं हातानंच करायला लावतो. आलेख फक्त वक्र कुठे अक्ष छेदतो ते दाखवतो. अंदाजातली चूक किती झपाट्यानं आकसते, ते मला त्या भागाकारानं कळलं. तरी त्या दिवसाचा राग गेलेला नाही.

आलेखच बघायचे असतील, तर जिओजेब्रा हे ॲप मोबाइलवर फुकट आहे. बारावी बोर्डाच्या गणिताला आणि जेईईला कॅल्क्युलेटर चालतच नाही. गेटला तो पडद्यावरच मिळतो. म्हणून आलेखवाल्या महागड्या यंत्रावर पैसे घालण्याआधी परीक्षा विभागात जाऊन विचारा. आणि कॉलेजांनो, कोणती मॉडेलं चालतात ते प्रवेशाच्या दिवशीच, मुलाच्या बापासमोर सांगा.