आगगाडीनें वसविलेलें गांव

आपल्याकडे गांवाची ओळख सांगावयाची म्हणजे प्रथम ग्रामदैवताचें नांव घेण्याची चाल आहे. पंढरपुरास विठोबा आहे, धुळ्यास एकवीरा देवी आहे. एखाद्या गांवास मोठें देवस्थान नसलें तर किल्ला तरी असतो, आणि किल्लाहि नसला तर एखाद्या सत्पुरुषाची समाधि असते. आमच्या भुसावळाची गोष्ट निराळी आहे. भुसावळाविषयीं विचारलें असतां परगांवचा मनुष्य, "तेथें गाडी बराच वेळ थांबते," इतकेंच सांगतो. ही ओळख अपुरी आहे, परंतु खोटी नाहीं. गाडी येथें कां थांबूं लागली हें सांगितलें कीं गांवाचा बहुतेक इतिहास सांगून होतो.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची पहिली गाडी १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यास गेली. पुढील दशकांत रूळ खानदेशांत आले, तेव्हां भुसावळ हें तापीच्या परिसरांतलें एक लहानसें खेडें होतें. येथून मार्गास दोन शाखा फुटल्या. एक वऱ्हाडांतून १८६७ सालीं नागपुरास पोंचली. दुसरी बऱ्हाणपूर, खंडवा, इटारसी या वाटेनें जबलपुरास गेली, व तेथें १८७० सालीं ती कलकत्त्याकडून आलेल्या रुळांस मिळाली. जूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराचा नायक ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करावयास निघतो, तो याच मार्गानें खानदेश ओलांडून बऱ्हाणपुराकडे जातो. म्हणजे त्याची गाडी आमच्याच गांवावरून गेली असली पाहिजे! वाफेच्या इंजिनासहि घोड्याप्रमाणें दाणापाणी लागे. ठराविक मजलेनंतर कोळसा, पाणी आणि साफसफाई त्याला हवी, व हांकणाऱ्यास विश्रांति हवी. पाणी तापीनें दिलें, बाकीचें कंपनीनें उभें केलें. इंजिनांची शेड, वाघिणींची वर्गवारी करण्याचें यार्ड, दवाखाना, शाळा, गिरिजाघर आणि ओळीनें बांधलेले क्वार्टर्स असा संसार मांडला गेला.

असें गांव जगांत एकटेंच नाहीं. फ्रान्स देशांत तूर नांवाच्या जुन्या शहरास लागून सॅं-प्येर-दे-कोर नांवाची रेल्वेची वस्ती आहे. पॅरिसहून बोर्दोस जाणारा मार्ग या वस्तीवरून जातो, आणि तूरच्या स्थानकांत मात्र रूळ संपतात. त्यामुळें पॅरिसच्या अनेक वेगवान गाड्या सॅं-प्येरलाच थांबतात, व तूरच्या उतारूस तेथें उतरून पांचेक मिनिटांचा प्रवास दुसऱ्या गाडीनें करावा लागतो. दुसऱ्या महायुद्धांत, १९४४ सालीं, तेथील यार्डावर बॉंब पडले तेव्हां वस्तीहि उद्ध्वस्त झाली. ती पुन्हा उभी राहिली, याचें कारण एवढेंच कीं रूळ तेथेंच होते व माणसेंहि तेथलीच होतीं.

आमचें तूर म्हणजे जळगांव. मध्यें भादली हें एक स्टेशन, आणि अंतर अवघें चोवीस किलोमीटर. १९०६ सालीं खानदेशाचे दोन जिल्हे झाले, तेव्हां पश्चिमेची कचेरी धुळ्यास राहिली व पूर्वेची जळगांवास गेली. कलेक्टर, कोर्ट, सराफबाजार हीं सारीं तेथें. १९९० पासून विद्यापीठहि तेथेंच. २०११ च्या जनगणनेंत जळगांवची वस्ती सुमारें ४,६०,००० होती, तर भुसावळाची १,८७,०००. आम्ही स्वतः तीस वर्षें जळगांवास नोकरी केली, व मासिक पास खिशांत ठेवून रोज अप-डाऊन केलें. सकाळच्या गाडींत पत्त्यांचा डाव, अभंग, मुलींच्या लग्नांचीं बोलणीं हीं सगळीं भादलीच्या अलीकडे सुरू होऊन जळगांवापूर्वीं संपत. जळगांवकर स्नेही विचारीत, "तुम्ही इकडेच कां येऊन राहत नाहीं?" त्याचें उत्तर आमच्या वडिलांच्या क्वार्टरांत होतें.

वडील मालगाडीवर गार्ड होते. रात्रीं दोन वाजतां कॉलबॉय दार वाजवी, वहीवर त्यांची सही घेई, आणि आई उठून पिठलें-भाकरीचा डबा करावयास लागे. दोन खोल्यांच्या त्या घरांत एकत्र कुटुंब मावणें शक्य नव्हतें. आजोबा आणि काका अमळनेरच्या वाड्यांत राहिले; आजी मात्र नातवंडांच्या ओढीनें आमच्याकडे येऊन राहिली. डावीकडे तेलुगु फायरमनचें बिऱ्हाड, उजवीकडे एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरची विधवा पत्नी, समोर यावलकडचें लेवा पाटीदार कुटुंब. आजीचें सोंवळें कडक. पहिल्या वर्षीं ती पाण्याचा हंडा कापडानें झांकून कोपऱ्यांत ठेवीत असे. पुढें आईस विषमज्वर झाला, त्या वेळीं वडील खंडव्याकडे गाडी घेऊन गेलेले. शेजारच्या तेलुगु बाईंनीं अकरा दिवस आमच्या घरचा स्वयंपाक केला. आजीनें त्यांच्या हातचा भात खाल्ला, व त्याविषयीं जन्मभर एक शब्द काढला नाहीं. हंड्यावरचें कापड मात्र त्यानंतर आम्हांस दिसलें नाहीं.

१९७४ च्या मे महिन्यांत देशभर रेल्वे कामगारांचा संप झाला. तो वीस दिवस चालला. खानदेशांतला मे महिना, रात्रींहि भिंती तापलेल्या, आणि यार्डांतला खडखडाट एकाएकीं मंदावलेला! आमच्या ओळींतलीं मुलें त्या शांततेनें दचकून उठत. सकाळीं समोरच्या घरून केळीं येत, आमच्या घरून पोहे जात. ज्यांचा पगार चालू होता त्यांनीं ज्यांचा बंद होता त्यांना तो बंद असल्याचें जाणवूं दिलें नाहीं.

नोकरी संपली कीं क्वार्टर सोडावा लागतो. १९८८ सालीं वडील निवृत्त झाले, तेव्हां काकांनीं लिहिलें, "वाड्यांत तुमची खोली झाडून ठेवली आहे." वडिलांनीं प्रॉव्हिडंट फंडांतून भुसावळासच चार खोल्यांचें घर बांधलें. काकांस तें फार लागलें. वडील म्हणाले, "तेथें मी थोरला भाऊ आहें, पण वाटेवरचें कोणी मला ओळखत नाहीं."

आज तोच प्रश्न आमच्यापुढें आहे. वडील गेले, आईस शहाऐंशी वर्षें झालीं. दोघे धाकटे भाऊ पुण्यास आहेत. गेल्या दिवाळींत त्यांनीं सुचविलें कीं हें घर विकावें, व तिघांनीं पुण्यास एकाच इमारतींत तीन घरें घ्यावीं. सूचना प्रेमाची होती, आणि वाईट नव्हती. रेल्वेनें जें कुटुंब दोन पिढ्या पांगविलें तें पुन्हा एकत्र येणार होतें. आमच्यासारख्या घरांत याहून मोठें आमिष कोणतें? शिवाय गांवाचीहि रया पालटली आहे. वाफेचीं इंजिनें गेलीं. विजेच्या इंजिनांची शेड, त्यांच्या दुरुस्तीचा कारखाना व रेल्वेची प्रशिक्षणसंस्था येथें आहेत, परंतु गाडीला आतां कोळशापाण्यासाठीं खोळंबावें लागत नाहीं.

आईनें सर्व ऐकून घेतलें व म्हणाली, "पुण्यास मला कांहीं कमी पडणार नाहीं. पण तेथें माझ्याकडे मीठ मागायला कोण येईल?" धाकट्यानें विचारलें, "आणि रात्रीं-अपरात्रीं तुला कांहीं झालें, तर दादा एकटा काय करील?" या प्रश्नास आमच्यापाशीं पुरें उत्तर नव्हतें, आजहि नाहीं. आम्हीहि आतां तरुण नाहीं, आणि मोठे दवाखाने पुण्यास आहेत. तरीहि आम्हीं घर न विकण्याचें ठरविलें. धाकटा रागावला नाहीं, पण जातांना नेहमीपेक्षां कमी बोलला, हें येथें नमूद केलें पाहिजे.

आमच्या मनांतला हिशेब असा आहे. एकत्र कुटुंबाचा मोठा आधार म्हणजे अडीअडचणीस न बोलावतां कोणी तरी येणें. तो आधार अमळनेरच्या वाड्यांत रक्ताच्या नात्यानें मिळे. क्वार्टरांच्या ओळींत तो बदलीच्या हुकुमानें एकत्र आलेल्या परक्यांनीं दिला. आणि त्यांपैकीं जे येथेंच घरें बांधून राहिले, त्यांचीं मुलें आज आमच्या आईस आजी म्हणतात. असे संबंध जुळावयास दोन पिढ्या लागतात, आणि मोडावयास एक खरेदीखत पुरतें. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हाच विचार आज ना उद्यां निघेल. तेव्हां घराची किंमत ठरवितांना त्याच्या शेजाराचाहि आंकडा मांडावा, एवढेंच आमचें सांगणें आहे. मग निर्णय कोणताहि होवो.