मानी काथवट

पीठ मळायची लाकडी काथवट कुणाच्या पुढे पुढे करत नाही. ओट्याखाली भिंतीला पाठ लावून ती उभी असते. शेजारच्या परातीला जरा धक्का लागला की ती साऱ्या घराला ऐकवते. काथवट पडली तरी एकदाच ‘धप्’ करते आणि गप्प बसते. बांधा बुटका, तळ सपाट, काठ जाड आणि आतल्या बाजूने उतरता. उचलायला गेलं की कळतं, बाई वजनदार आहे. दोन्ही हात लावल्याशिवाय जागची हलत नाही, आणि नेमका हाच तिचा मोठा गुण.

तो पाहायचा तर ज्वारीच्या भाकरीच्या वेळी पाहावा. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नाही, म्हणून त्या पिठाला चिवटपणा नाही. त्याला एकत्र धरायचं ते गरम पाण्याने आणि मनगटाच्या जोराने. आधणाचं पाणी ओतलं की पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो. मग मनगटाजवळच्या तळव्याने गोळा पुढे रगडायचा, मागे ओढायचा, पुन्हा रगडायचा. पीठ जुनं होऊन त्याची विरी गेली असेल तर ही मेहनत दुप्पट. अशा वेळी स्टीलची परात ओट्यावर सरकत फिरते. तिला एका हाताने धरावं लागतं, मग मळायला उरतो एकच हात. शिवाय धातू ऊब ओढून घेतो आणि ऊन पीठ बघता बघता गार पडतं. काथवट जागा सोडत नाही. लाकडातून उष्णता सावकाश जाते, त्यामुळे गोळा थापेपर्यंत हाताला उबदार लागतो. चिमूटभर कोरडं पीठ पसरून वर गोळा ठेवला, बोटं जुळवून थापायला घेतला की भाकरी स्वतःभोवती फिरत मोठी होत जाते. काठाशी आली की थांबायचं. त्या घरच्या भाकरीचा घेर काथवटच ठरवते.

तिचा जन्म एकाच लाकडातून होतो. जोड नाही, खिळा नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५च्या ‘गावगाडा’त ज्या बलुतेदारांची व्यवस्था नोंदवली, त्यातला सुतार कुणब्याची औतं भरायचा, बैलगाडी दुरुस्त करायचा आणि धान्याच्या रूपाने आपला वाटा घ्यायचा. नांगराला लागणारं लाकूड ज्याच्या हातात, त्याच्याच हातून घरातली काथवटही घडायची. बुंध्याचा जाड तुकडा घ्यायचा, वाकसाने तासायचा, पटाशीने आतून कोरायचा. जुन्या काथवटीच्या आत, काठाखाली, बोट फिरवून बघा. तासल्याच्या उथळ खुणा अजून लागतात. मधला भाग मात्र पिढ्यांच्या तळव्यांनी गुळगुळीत झालेला असतो. यंत्रावर फिरवलेल्या नव्या काथवटीत हे दोन स्पर्श मिळत नाहीत. तरी ती वाईट नव्हे. लाकूड चांगलं असेल तर पाच-दहा वर्षांत तिलाही आपला पोत येतो.

लाकूड कोणतं, यावर तिचा स्वभाव ठरतो. देशावर बाभूळ. ज्या लाकडाची गाडीची चाकं होतात, ते पिठाच्या रगड्याला काय दाद देणार? जड, टणक, गर्द तांबूस. कोकणात फणसाचं पिवळं लाकूड दारं-खिडक्यांपासून स्वयंपाकघरापर्यंत सगळीकडे जातं. आंबा स्वस्त, पण मऊ. ओल लवकर पितो, डाग लवकर धरतो. कडुनिंबाचे चमचे हल्ली सगळीकडे मिळतात. पहिले काही दिवस त्यांना कडवट वास राहतो, पुढे जातो. सागाच्या अंगात तेल असल्याने तो पाण्याला नीट तोंड देतो, पण सागाची म्हणून विकली जाणारी प्रत्येक वस्तू सागाची नसते. ‘अकेशिया’ची चिठ्ठी लावलेला प्रत्येक ट्रेही आपल्या बाभळीचा नसतो, त्या नावाखाली आग्नेय आशियात लावलेल्या वेगळ्या जातीही येतात.

काथवटीचा राग पाण्यावर. धुण्यावर नव्हे, भिजत ठेवण्यावर. खरकट्या भांड्यांच्या ढिगात रात्रभर तिला पाण्यात ठेवलं की ती फुगते, सकाळी उन्हात टाकली की आकसते, आणि या ओढाताणीत तडकते. लाकूड फुगतं-आकसतं ते रेषांना आडवं, लांबीने जवळपास नाहीच. म्हणून तिची भेग नेहमी रेषेच्या बाजूने धावते. काम झालं की चिकटलेलं पीठ उलथण्याच्या कडेने खरवडावं, काथवट थोड्या पाण्याने घासून लगेच पुसावी आणि सावलीत उभी करावी. एवढं तिला पुरतं. तिचा दुसरा राग अबोल्याचा आहे. वापरातून काढून वर्षानुवर्षं माळ्यावर टाकली तर तिथल्या उन्हाळ्याने ती कोरडी पडून चिरते. रोज पिठाची ओल आणि तळव्याचा स्पर्श मिळणारी काथवट दोन-तीन सुना पाहते.

लाकडी भांडं अस्वच्छ, ही शंका मला अनेकदा ऐकू येते आणि दर वेळी वाईट वाटतं. अमेरिकेत डीन क्लायव्हर या अन्नशास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात लाकडी आणि प्लास्टिकच्या फळ्यांवर जिवाणू सोडून पाहिले. लाकडाच्या पृष्ठभागावरचे जिवाणू आत ओढले गेले आणि पुन्हा वर येईनासे झाले. सुरीच्या घावांनी भरलेलं प्लास्टिक मात्र हाताने घासून साफ होईना. याचा अर्थ लाकूड धुऊ नये असा नाही. पण ओलं न ठेवलेल्या, भेग नसलेल्या लाकडाला घाबरायचं कारण नाही. भेग पडली, तिच्यात पीठ आंबू लागलं, तर मात्र काथवटीला स्वयंपाकातून निवृत्त करावं.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं. ज्वारी-बाजरी-नाचणीचं पुष्कळ कौतुक झालं, आणि ज्या घरांत भाकरी सुटली होती तिथे ती परत थापली जाऊ लागली. भाकरी परतली की काथवटीची आठवण होते. मला याचा मनापासून आनंद आहे. फक्त खरेदी घाईने होते, याची काळजी वाटते. चकाकी पाहून वस्तू उचलली जाते, आणि चकाकी बहुधा वार्निशची असते. ऊन पीठ रोज त्यावर रगडायचं आहे.

आठवडी बाजारात एका बाईंना काथवट निवडताना पाहिलं. आधी त्यांनी ती उलटी केली आणि तळाच्या कडा पाहिल्या. लाकडाची वर्तुळं मध्यातून फुटलेली आहेत का, ते त्या शोधत होत्या. खोडाचा ऐन मधला बिंदू भांड्यात आला की भेगा तिथूनच निघतात. एका जागी रंग जरा वेगळा दिसला. त्यांनी नखाने उकरलं, भुसा आणि डिंक निघाला. “काका, ही बुजवलेली आहे,” एवढंच बोलून ती खाली ठेवली. दुसरी घेतली, नाकाशी नेली, मग बोट ओलं करून आत एक थेंब टेकवला. थेंब सावकाश मुरला. “पॉलिश नाही ताई, नुसतं तेल आहे,” काका म्हणाले. शेवटी त्यांनी ती जमिनीवर ठेवून दोन्ही तळवे आत टेकले आणि जोर दिला. डुगडुगली नाही. मग भाव विचारला.

बाकीच्या लाकडी मंडळींसाठीही हीच परीक्षा. सहा सारख्या चमच्यांचा डबाबंद संच मला पटत नाही. त्यातले चार कायम खुंटीवर राहतात. कामागणिक एकेक घ्यावं. लोणच्याच्या बरणीला लांब दांड्याचा लाकडी चमचा, कारण आंबट-खारटाशी लाकडाचं भांडण नाही. नॉनस्टिकला पातळ कडेचं उलथणं. ताकाला रवी, तिची फुलं एकसंध कोरलेली. वाढायला ट्रे किंवा वाडगा हवाच असेल तर कोरड्या पदार्थांसाठी: भाकऱ्या, पापड, फळं. रस्सा त्यात वाढू नये. हळदीचा डाग लाकूड सोडत नाही.

नवी काथवट घरी आली की पुसून, पूर्ण वाळवून तिला जवसाचं खाण्याचं तेल पातळ हाताने चोळावं. जवसाचं तेल हवेत सुकून लाकडात घट्ट बसतं. शेंगदाण्याचं तसंच ओलसर राहून पुढे खवट वास देतं. उरलेलं तेल पुसून काही दिवस हवेशीर ठेवावं, दोन-तीनदा हेच करावं. मग ऊन पाण्यात ज्वारीचं पीठ मळून आत चांगलं रगडावं. त्या पहिल्या गोळ्याला लाकडाचा वास आणि कोरल्याची बारीक धूळ लागते, तो गाईला घालावा. दुसऱ्या गोळ्याची भाकरी तव्यावर टाकायला हरकत नाही.