भत्ता थांबतो, पोरगं वाढतच असतं

कोकणी मुसलमानांच्या कित्येक कुटुंबांतलं कुणी ना कुणी ब्रिटनमध्ये आहे. कुणी जहाजावर नोकरी करता करता तिकडे उतरला, कुणी आफ्रिकेमार्गे गेला, कुणी लग्न होऊन गेली. तिथलं सरकार पोरांसाठी पैसे देतं, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ते पैसे एक दिवस बंद होतात आणि त्या दिवशी घरात काय काय हलतं, हे मला आमच्या आपामुळे कळलं. आपा म्हणजे माझ्या खालाची थोरली मुलगी. राहायला बर्मिंगहॅममध्ये. नवरा टॅक्सी चालवतो, दोन मुलगे आहेत.

या पैशांना तिथे चाइल्ड बेनिफिट म्हणतात. २०२५-२६ च्या दराने पहिल्या मुलासाठी आठवड्याला २६.०५ पौंड आणि पुढच्या प्रत्येक मुलासाठी १७.२५ पौंड मिळत. मूल सोळा वर्षांचं झालं की त्यानंतर येणाऱ्या ३१ ऑगस्टला हिशेब होतो. मूल पुढे कॉलेजात जाणार असेल, ए-लेव्हल किंवा तसाच मान्यताप्राप्त पूर्णवेळ अभ्यासक्रम करणार असेल, तर भत्ता जास्तीत जास्त विसाव्या वाढदिवसापर्यंत चालू राहतो. नसेल तर थांबतो. करखात्याचं पत्र येतं, त्याला उत्तर द्यावं लागतं. पत्र टेबलावर तसंच पडून राहिलं तर शिकणाऱ्या मुलाचाही भत्ता बंद होतो.

आपाचा थोरला वसंतात सोळाचा झाला. अभ्यासात बरा, पण त्याचं मन वायरी आणि स्विचबोर्डात. त्याला इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिसशिप मिळाली. घरात मिठाई वाटली गेली. आम्हालाही फोटो आले. मग ऑगस्ट संपला आणि त्याच्या नावाचा भत्ता थांबला, कारण इंग्लंडमध्ये पगारी अप्रेंटिसशिप या भत्त्यासाठी शिक्षण धरली जात नाही. गंमत अशी की याच इंग्लंडमध्ये अठरा वर्षांपर्यंत शिक्षणात किंवा प्रशिक्षणात राहणं कायद्याने बंधनकारक आहे आणि त्यासाठी अप्रेंटिसशिप चालते. एक कायदा म्हणतो पोरगा शिकतोय, दुसरा म्हणतो कमावतोय.

आता पैशांचं बघा. थोरला यादीतून गेला की धाकटा 'पहिला' होतो, म्हणून आपाचं नुकसान आठवड्याला १७.२५ पौंडांचं, वर्षाला सुमारे ९०० पौंडांचं. पण कमी उत्पन्नाच्या घराला युनिव्हर्सल क्रेडिट नावाची मदतही मिळते. तिच्यात मुलामागे जो भाग असतो, तो त्या वर्षी महिन्याला २९२ पौंडांहून अधिक होता. तोही शिक्षणाशी बांधलेला, म्हणून तोही गेला. उलट बाजूला पोराचा पगार. अप्रेंटिसला तेव्हा किमान ताशी ७.५५ पौंड मिळत. आठवड्याचे ३७ तास धरले तर २७९ पौंडांच्या आसपास. म्हणजे घरात एकूण पैसा वाढलाच. मग आपा रडत का होती?

कारण पैसा वाढला, पण तो तिच्या हातातून पोराच्या हातात गेला. चाइल्ड बेनिफिट तिच्या स्वतःच्या खात्यात येत होतं. लग्नानंतर तिच्या नावावर आलेला तो पहिला पैसा. त्यातून पोरांचे बूट आले, मदरशाची फी गेली, खाला आजारी असताना चिपळूणला औषधांचे पैसे आले. त्यासाठी तिला नवऱ्याला विचारावं लागलं नाही.

हे आपोआप झालेलं नाही. एलिनॉर रॅथबोन नावाच्या खासदार बाई वर्षानुवर्षं या भत्त्यासाठी झगडल्या. १९४५ साली कायदा येऊ घातला तेव्हा पैसे बापाच्या नावे देण्याचा बेत होता. रॅथबोन अडून बसल्या आणि पैसे आईच्या हाती जातील असं ठरलं. ऑगस्ट १९४६ मध्ये पहिले पैसे वाटले गेले, दुसऱ्या मुलापासून पुढे, आठवड्याला पाच शिलिंग. ते बघायला बाई राहिल्या नव्हत्या. त्याच वर्षी जानेवारीत त्या वारल्या होत्या.

आपाच्या घरात पुढे जे झालं ते आपल्याकडच्या कुठल्याही घरात होईल. नवरा सहज बोलून गेला, "कॉलेजात गेला असता तर तुझे पैसे चालू राहिले असते." ते पोराने ऐकलं. दुसऱ्या दिवशी तो आईला म्हणाला, "अम्मी, मी सोडतो हे, कॉलेजात नाव घालतो." सोळा वर्षांच्या पोराला वाटलं, आपण शिकायला निघालो आणि घराला महाग पडलो.

आपाने त्याला जाऊ दिलं नाही. आणि त्याच्याकडे पैसेही मागितले नाहीत. "माझ्या भत्त्याची भरपाई माझ्या लेकराने करायची का?" असं ती मला फोनवर म्हणाली.

मूल कमावतं कधी होतं, हा प्रश्न आपल्याकडेही जुना आहे. फिकहमध्ये मुलांचा नफका बापावर आहे. मुलीचा तिच्या लग्नापर्यंत. मुलगा वयात आला तरी इल्म मिळवण्यात गुंतला असेल आणि कमवू शकत नसेल, तर त्याचा भार बापावरच राहतो, असं हनफी फकिहांनी लिहून ठेवलं आहे. १९९७ साली नूर सबा खातून खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तलाक झाला तरी मुसलमान बापाची मुलांच्या पोटगीतून सुटका नाही: मूल सज्ञान होईपर्यंत किंवा स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंत, मुलीच्या बाबतीत लग्नापर्यंत. दोन्हीकडे पोराची कुवत पाहिली जाते. सरकारी भत्त्याला मात्र तारीख लागते, कारण तारखेवर फॉर्म चालतो. सरकारचं ते चुकतं असंही मी म्हणणार नाही. पण तारीख आली म्हणून पोरगं त्या रात्री मोठं होत नाही, आणि आईचा खर्चही थांबत नाही.

तिकडच्या नातेवाइकांना तीन गोष्टी सांगा. पत्र आलं की उत्तर द्या. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने शिक्षण सोडलं आणि त्याने तिथल्या करिअर सेवेकडे किंवा सैन्यभरतीसाठी नाव नोंदवलं, तर वीस आठवड्यांची मुदतवाढ मिळू शकते. ती मागावी लागते, आणि तीन महिन्यांच्या आत. आणि भत्त्यासाठी पोराला नको त्या वर्गात बसवू नका. दोन वर्षांचे पैसे येतील, पण दोन वर्षं जातील.

चौथी गोष्ट नवऱ्यांसाठी. बायकोच्या नावावर येणारा पैसा बंद झाला, तर तेवढी रक्कम दर महिन्याला तिच्या खात्यात टाका. न मागता. पोराच्या पगाराकडे बोट दाखवू नका. त्याला द्यावंसं वाटलं तर तो देईल, आणि ते तो आपल्या हाताने आईला देईल.